'चर्च' हा शब्द आणि आपली 'मंडळी'

'चर्च' हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, तो आपण उसना आणलेला आहे याची आठवणही आपणांस राहिलेली नाही. "आज चर्च साडेनऊला आहे". "चर्चला यंदा रंग द्यावयाचा आहे". "चर्चने तसा ठराव केला आहे". "ते कुटुंब आमच्या चर्चचे नव्हे". "चर्चचा खटला अजून चालू आहे". "जगभरच्या चर्चसाठी प्रार्थना करू या". एकाच रविवारी, एकाच पाळकाच्या तोंडून ही सहाही वाक्ये निघू शकतात. पहिल्या वाक्यात चर्च म्हणजे उपासना, दुसऱ्यात इमारत, तिसऱ्यात पास्टोरेट कमिटी, चौथ्यात पंथ, पाचव्यात मालमत्ता धारण करणारी विश्वस्त संस्था, आणि सहाव्यात सर्व देशांतील विश्वासणारे लोक. ऐकणारा जर लहानपणापासून मंडळीत वाढलेला असेल, तर तो संदर्भावरून अर्थ लावून घेतो व त्याचे अडत नाही. परंतु ज्याने हा शब्द प्रथमच ऐकला त्याच्या मनात यांपैकी कोणता अर्थ उतरतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात आम्हांला तोच विचारावयाचा आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे ध्यानात यावे म्हणून आपण एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विंध्याचा घाट उतरल्यावर नर्मदेच्या खोऱ्यात सतवास हे गाव आहे. कन्नोद, खातेगाव, कांटाफोड ही त्याच्या आसपासची गावे. देवास व धार ही पवारांची संस्थाने आणि इंदूर हे होळकरांचे. त्यामुळे माळव्याच्या शहरांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. परंतु सतवासच्या बाजारात कानी पडते ती हिंदी, तीही माळवी आणि निमाडी वळणाची, आणि डोंगराकडून आलेल्यांच्या तोंडी कोरकू व भिली बोली. अशा ठिकाणी सेवेस गेलेला मराठी उपदेशक एखाद्या घरी चारदोन कुटुंबांसह प्रार्थनेस बसला, आणि "येथे काय चालते?" असे कोणी विचारले असता "येथे चर्च आहे" असे उत्तर त्याने दिले, तर विचारणाऱ्याने काय समजावे? त्याच्या मनात घंटा, क्रूस व शिखर असलेली इमारत उभी राहते. तशी इमारत तर दिसत नाही. मग तिचा मालक कोण, परवानगी कोणाची, पैसा कोठून आला, असे प्रश्न ओघानेच येतात. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयी १९६८ चा धर्मस्वातंत्र्य अधिनियम होता; त्याच्या जागी २०२१ चा अधिनियम आला. तेव्हापासून धर्मांतरासाठी साठ दिवस अगोदर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. अशा वातावरणात एखाद्या अधिकाऱ्यापुढे बोललेला शब्द कागदावर उतरतो, आणि कागदावर उतरलेल्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हाती राहत नाही. ज्या माणसाला 'आम्ही काही लोक प्रार्थनेस जमतो' एवढेच म्हणावयाचे होते, त्याने 'आम्ही एक संस्था स्थापिली आहे' असे म्हटल्याची नोंद होते.

आता या शब्दाचा उगम पाहू. 'चर्च' हा शब्द 'कुरिआकोन' या ग्रीक शब्दापासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'कुरिओस' म्हणजे प्रभू. 'कुरिआकोन' म्हणजे प्रभूचे, अर्थात प्रभूचे घर. जर्मन 'किर्खे' आणि स्कॉटलंडातील 'कर्क' हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे जन्मतःच हा शब्द घराचा, वास्तूचा आहे. माणसे त्यात नंतर आली. याउलट फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांनी 'एक्लेसिया' हा दुसरा ग्रीक शब्द उचलला, आणि त्याचा मूळ अर्थ जमलेले लोक असा आहे. पोर्तुगिजांच्या 'इग्रेजा'पासून गोव्यात कोकणीत 'इगर्ज' झाले व हिंदीत 'गिरजा' झाला. तोच ग्रीक शब्द अरबस्तान व इराणकडच्या वाटेने येऊन हिंदी-उर्दूत 'कलीसिया' झाला. गंमत अशी की, लोकवाचक शब्दापासून निघालेला 'गिरजा' शेवटी इमारतच झाला; आणि त्याला 'घर' हे शेपूट जोडून 'गिरजाघर' असा दुहेरी घराचा शब्द तयार झाला. शब्दांचे असेच होते. लोक पांगतात, भिंती उभ्या राहतात, आणि नाव भिंतींना चिकटते.

नव्या करारात यांपैकी कोणता शब्द आहे? 'कुरिआकोस' हे विशेषण नव्या करारात अवघे दोनदा येते: एकदा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात प्रभुभोजनाला उद्देशून, आणि एकदा प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या दिवसाला उद्देशून. इमारतीला किंवा लोकांच्या समुदायाला ते एकदाही लाविलेले नाही. आपण ज्याला चर्च म्हणतो त्यासाठी नव्या करारात सर्वत्र 'एक्लेसिया' हाच शब्द आहे, आणि तो शंभराहून अधिक वेळा आला आहे. शुभवर्तमानांपुरते बोलावयाचे तर तो केवळ मत्तयाने वापरला आहे, आणि तोही दोनच ठिकाणी, १६:१८ आणि १८:१७ येथे. यांपैकी पहिल्या ठिकाणी बांधकामाची भाषा आहे हे खरे. पण खडक व पाया ही भाषा माणसाविषयी आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तीच प्रतिमा पुढे चालवून विश्वासणाऱ्यांनाच जिवंत धोंडे म्हटले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. 'एक्लेसिया' या शब्दाचे 'बाहेर' आणि 'बोलावणे' असे दोन भाग पाडून, मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलाविलेले लोक, असा उपदेश आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. उपदेश वाईट नाही. परंतु तो या शब्दाच्या फोडीवर उभा करणे बरोबर नाही. ग्रीक नगरांत हा शब्द नागरिकांच्या सभेसाठी रोजच्या व्यवहारात होता, आणि ती सभा भरताना कोणी त्याची फोड करून पाहत नसे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएल लोकांच्या मेळ्याला, म्हणजे इब्री 'काहाल' या शब्दाला, बहुधा हाच प्रतिशब्द दिलेला आहे. पौलाच्या कानात हा दुसरा नाद असला पाहिजे: रानात, देवापुढे, एकत्र उभे केलेले लोक. प्रेषितांची कृत्ये ७:३८ मध्ये स्तेफन याच अर्थाने तो शब्द वापरतो. त्यात 'बाहेर' यापेक्षा 'एकत्र' ह्यावरच जोर आहे.

हा शब्द किती साधा होता याचे उत्तम उदाहरण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ येथे आहे. इफिस नगरात देमेत्रिय सोनाराने अर्तमी देवीच्या नावाने लोकांस भडकाविले, नाट्यगृहात गर्दी लोटली, आणि आपण का जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते. त्या गोंधळी जमावाला लूक 'एक्लेसिया' म्हणतो (३२ व ४१), आणि कायदेशीर नगरसभेलाही तोच शब्द वापरतो (३९). आता १६११ सालचे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर उघडून पाहावे. या तिन्ही ठिकाणी तेथे 'चर्च' नाही. सभा या अर्थाचा शब्द आहे, आणि ते योग्यच. पण मधल्याच ३७ व्या वचनात, जेथे मुळात देवळे लुटणाऱ्यांविषयीचा शब्द आहे, तेथे त्या भाषांतरकारांनी चक्क 'चर्चे' लुटणारे असे लिहिले आहे! म्हणजे एकाच अध्यायात, मुळात जेथे 'एक्लेसिया' आहे तेथे इंग्रजीत चर्च नाही, आणि मुळात जेथे मूर्तीचे देऊळ आहे तेथे चर्च आहे. त्या काळच्या इंग्रज माणसाला चर्च हा शब्द प्रथम वास्तूचाच वाटत होता, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हे अजाणता झाले असे मात्र सर्वत्र म्हणता येत नाही. विल्यम टिंडेल याने १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला, तेव्हा त्याने 'एक्लेसिया'साठी 'चर्च' न वापरता 'जमलेला समुदाय' या अर्थाचा शब्द घातला. सर थॉमस मोर याने १५२९ साली त्यावर कडक टीका केली, कारण शब्द बदलला की अधिकाराचे केंद्रही बदलते हे त्याने बरोबर ओळखिले होते. पुढे १६०४ साली नव्या भाषांतराचे काम हाती घेतले गेले, तेव्हा बिशप बँक्रॉफ्ट यांनी भाषांतरकारांना नियम घालून दिले. त्यांत, जुने धर्मव्यवहारातील शब्द तसेच ठेवावेत आणि 'चर्च'च्या जागी समुदायवाचक शब्द घालू नये, असा स्पष्ट आदेश होता. एका शब्दावरून राजे व बिशप एवढे जागरूक राहतात, आणि आपण तो शब्द विनामूल्य मिळाला म्हणून कोठेही वापरतो.

इमारतीविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती लोकांची वेगळी उपासनागृहे नव्हती. ते घरांतून जमत. आजवर उत्खननात सापडलेले सर्वांत जुने निश्चित उपासनास्थान सिरियात, फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावी आहे, आणि तेही मुळात एक राहते घर होते. इ. स. २३० च्या सुमारास दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक मोठी खोली करण्यात आली, आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याची जागा बांधली. २५६ च्या सुमारास शत्रूच्या वेढ्यात ते गावच पडले. भिंत बांधून नव्हे, तर भिंत पाडून पहिले उपासनागृह झाले, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. पण या टिपणीतून कोणी बांधकामाविरुद्ध निष्कर्ष काढू नये; पावसाळ्यात झाडाखाली उपासना चालविलेल्या कोणत्याही धर्मसेवकास छपराची किंमत कळते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. आपल्याकडे जे मिशनरी आले त्यांनी 'चर्च' हा एकच शब्द आणला, परंतु प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक प्राधान्याने काँग्रिगेशनल पद्धतीचे. त्यांच्या दृष्टीने एका गावी जमणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय हाच पूर्ण अर्थाने चर्च. अँग्लिकन माणसाला बिशप आणि त्याचा प्रांत यांवाचून चर्च ही कल्पना पुरी होत नाही. १८७७ साली इंदुरास कार्य आरंभिलेल्या कॅनेडियन प्रेसबिटेरियन मिशनच्या मते वडीलजनांच्या सभांची चढती रचना म्हणजे चर्च. १९२४ साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, तेव्हा माळव्यातील प्रेसबिटेरियन आणि अहमदनगरकडील काँग्रिगेशनल लोक एका नावाखाली आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे, बिशपांची परंपरा मानणाऱ्या व न मानणाऱ्या सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. एकीकरणाच्या वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या. त्यांत बाप्तिस्मा व बिशपपद यांवर पुष्कळ चर्चा झाली. पण वाचणाऱ्यास असे वाटल्यावाचून राहत नाही की, वादाच्या मुळाशी बऱ्याच वेळा हा एकच शब्द होता आणि प्रत्येक पक्ष तो आपल्या अर्थाने उच्चारीत होता.

कॅथॉलिक बंधूंनी मराठीत 'ख्रिस्तसभा' हा शब्द रूढ केला. तो चांगला, स्वच्छ शब्द आहे; सभा म्हटल्यावर माणसेच डोळ्यांपुढे येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयी जो मुख्य दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात देवाची प्रजा हे प्रकरण आधी ठेवून धर्माधिकाऱ्यांचे प्रकरण नंतर ठेविले, हा क्रम त्या शब्दाला साजेसाच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळाच मार्ग धरिला. १९१७ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचे ठरविले, तेव्हा त्याला त्यांनी ना चर्च म्हटले, ना मंडळी. 'देवाचा दरबार' असे नाव दिले. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फुलला नाही. शब्द मात्र देशी होता व त्यात दिमाख होता. एवढेच की, माळव्याच्या खेड्यात तो नेला असता घोटाळा झाला असता. तेथे 'दरबार' म्हणजे गावचे ठाकूर, आणि गरीब माणूस त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहत आला आहे.

प्रॉटेस्टंट परंपरेने मराठी पवित्र शास्त्रात जो शब्द स्वीकारला तो 'मंडळी'. आमच्या मते हा भाषांतरकारांच्या उत्तम निवडींपैकी एक आहे, आणि त्याचे गुण आपण पुरेसे ओळखलेले नाहीत. मंडळी हा मराठी माणसाच्या घरातला शब्द आहे. "मंडळी, चला जेवायला" म्हणून यजमान हाक देतो. मित्रमंडळी, बालमंडळी, सासरची मंडळी, अशी त्याची रूपे. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी म्हटले की थिएटर कोणाच्या मनात येत नाही. गावोगाव फिरणारी माणसे येतात. या शब्दाला भिंती नाहीत. व्याकरणातही फरक आहे. 'चर्च' मराठीत नपुंसकलिंगी झाले: ते चर्च, मोठे चर्च, बंद चर्च. 'मंडळी' स्त्रीलिंगी आहे. ती जमते, उठते, रडते, वाट पाहते. शिवाय जुन्या पिढीतील पुरुष पत्नीचे नाव घेण्याऐवजी "आमची मंडळी गावी गेली आहे" असे म्हणत. इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल ख्रिस्त व एक्लेसिया यांचे नाते पतिपत्नीच्या नात्याने समजावितो. त्या अध्यायाच्या मराठी वाचकाला मंडळी या शब्दात जे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात, ते इंग्रजाला कधीच येणार नाहीत. हे भाषांतरकारांनी योजून केले असेल असे नाही. भाषेने ते दान दिले आहे.

पण ज्या घरगुतीपणामुळे हा शब्द गोड झाला, त्यातच त्याचा धोका आहे. फिलेमोनाच्या पत्राच्या आरंभी, कलस्सैकरांस ४:१५ मध्ये आणि रोमकरांस १६:५ मध्ये कोणाच्या तरी घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. मराठी वाचक ते भरभर वाचतो आणि 'घरची मंडळी' असा अर्थ घेतो. म्हणजे बायकामुले, भाऊ, भावजया. बायबलवर्गात याविषयी नुसते विचारून पाहावे. मूळ अर्थ तसा नाही. नुंफेचे किंवा प्रिस्का व अक्विला यांचे घर ही केवळ जागा. तेथे जमणारे लोक निरनिराळ्या घरांतले. फिलेमोनाच्या पत्रात तर हा फरक जीवनमरणाचा आहे. अनेसिम हा त्या घरचा दास, पळालेला. 'घरची मंडळी' या हिशेबात त्याची गणना कुटुंबीयांत होणार नाही. पौल त्याला दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून परत घेण्यास सांगतो, आणि हे पत्र केवळ फिलेमोनाला नव्हे, तर त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. घरच्या मंडळीत ज्याला पान वाढले जात नाही, त्याला घरातल्या मंडळीत पंक्तीला घ्यावयाचे, असा तो पेच आहे.

आपल्या खेड्यांतून हा पेच आजही आहे, आणि तो केवळ भाषेचा नाही. "ती काही आपली मंडळी नव्हेत" हे वाक्य मराठीत जातीविषयी बोलताना सहज येते. एका गावी एकाच जातीच्या तीनचार कुटुंबांनी प्रभूचा स्वीकार केला, त्यांच्या घरी उपासना सुरू झाली, आणि दुसऱ्या वस्तीतले कुटुंब आले की बसण्याची जागा निराळी, पेला निराळा. आपण त्यांना 'मंडळी' या नावाने संबोधतो आणि ते त्याचा अर्थ 'भाऊबंद' असा घेतात. शब्द त्यांना सुधारीत नाही, उलट पाठीशी घालतो. येथे 'चर्च' हा शब्द घातल्यानेही काम होत नाही, कारण मग तो प्रश्न इमारतीत कोणी बसावे एवढ्यावरच येतो.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. तेथे लोक प्रभुभोजनास जमत, पण ज्यांच्याजवळ अन्न होते ते आधी खाऊन घेत आणि ज्यांच्याजवळ नव्हते ते उपाशी राहत. पौल विचारतो की, खाण्यापिण्यास तुम्हांला घरे नाहीत काय, की तुम्ही देवाच्या एक्लेसियेचा अवमान करता? आता या ठिकाणी 'चर्च' म्हणजे इमारत असा अर्थ धरला, तर उपदेश असा निघतो की, उपासनागृहात जेवू नये. असा अर्थ इंग्रजी भाषक मंडळ्यांतून खरोखरच काढला गेला आहे. उपासनागृहाच्या आवारात स्वयंपाकघर असावे की नसावे यावर याच वचनाच्या आधारे वाद झाले आहेत. परंतु एक्लेसिया म्हणजे जमलेली माणसे हे ध्यानी घेतले, तर अवमान भिंतींचा होत नाही, उपाशी बसलेल्या माणसाचा होतो. आणि पौल पुढच्याच शब्दांत ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजविण्याविषयी बोलतो. एकाच वचनातून पहिल्या अर्थाने निघतो तो जागेचा नियम. दुसऱ्या अर्थाने निघतो तो गरिबाच्या ताटाचा प्रश्न. उपदेशकाने कोणता शब्द उच्चारिला यावर ऐकणारा यांपैकी कोठे पोहोचेल हे ठरते.

सतवासच्या उपदेशकाकडे आता परत जाऊ. तो हिंदीत बोलणार; मग त्याने कोणता शब्द घ्यावा? 'कलीसिया' हा हिंदी पवित्र शास्त्रातील शब्द. शिकविलेल्या माणसास तो प्रिय असतो, पण नवख्यास त्यातून काहीच कळत नाही. निदान चुकीचे तरी कळत नाही, हा त्याचा एक गुण. 'गिरजाघर' म्हणजे केवळ वास्तू. वास्तूविषयी बोलताना तो खुशाल वापरावा. मराठी सवयीने 'मंडली' म्हटले, तर माळव्यातल्या माणसाला भजन मंडली आठवते: रात्री ढोलक-मंजिरे घेऊन बसणारी, कोणाच्याही ओसरीवर जमणारी. आम्हांला हा अर्थ मुळीच वावगा वाटत नाही. 'घरची मंडळी' या मराठी अर्थाचा धोका हिंदीत नाही, आणि इमारतीचाही नाही. भजन मंडलीत मात्र मन मानेल तेव्हा यावे व जावे. एकमेकांचे ओझे वाहण्याचे बंधन तीत नाही. तेवढे शिकवावे लागेल. 'मसीही मंडली' असे जोडून म्हटल्याने काम सोपे होते. कोरकू व भिली बोलींत कोणता शब्द बसेल, हे त्या बोली बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. उपदेशकाने त्यांना एवढेच विचारावे की, तुमच्यात अनेक घरची माणसे एका कामासाठी बसतात तेव्हा त्याला काय म्हणता?

संस्था या अर्थाने 'चर्च' हा शब्द या भागात कसा ऐकला जातो, याचे एक गंभीर उदाहरण फार दूर नाही. देवास जिल्ह्यातच, उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया सेवा करीत होत्या. भूमिहीन व आदिवासी लोकांस एकत्र करून त्यांनी त्यांना बचत, शासकीय योजना व सावकाराच्या कर्जातून सुटका यांचा मार्ग दाखविला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून ओढून त्यांची हत्या करण्यात आली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्या कार्याला सरसकट 'चर्चचे काम' म्हणून टाकल्याने दोन्ही बाजूंनी अन्याय होतो असे आम्हांला वाटते. ज्यांना त्यांनी जमविले ते लोक स्वतःच्या हक्कासाठी जमले होते. ते ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते, आणि त्यांना तसे दाखविणे त्यांच्यावरही संशय ओढवून आणणारे होते. दुसरीकडे, ज्या श्रद्धेने त्या तेथे गेल्या ती एखाद्या संस्थेची नोकरी नव्हती. त्या ख्रिस्तसभेच्या होत्या. त्यांनी जमविलेला समुदाय त्या लोकांचा स्वतःचा होता. हा भेद बोलण्यात ठेविला तर तो कोणाला समजत नाही असे नाही.

लिहिण्याबोलण्याच्या व्यवहारात यातून काही साध्या गोष्टी निघतात. वेळ सांगताना 'उपासना साडेनऊला आहे' म्हणावे. रंग द्यावयाचा तो उपासनामंदिराला किंवा प्रार्थनाघराला. ठराव पास्टोरेट कमिटीने केला असेल तर तसेच लिहावे; कमिटीच्या पाच जणांचे मत साऱ्या मंडळीच्या नावावर खपवू नये. मालमत्तेचा खटला विश्वस्तांचा असतो. 'चर्चचा खटला' असे म्हटल्याने गावातल्या विधवेला वाटते की न्यायालयात आपणच हरलो किंवा जिंकलो. पंथाचे नाव पूर्ण घ्यावे; चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे विशेषनाम आहे, ते बदलण्याचे कारण नाही. विश्वासाच्या सूत्रात सार्वत्रिक मंडळी असा जो शब्द येतो, त्यातील 'सार्वत्रिक' याचा अर्थ नव्या सभासदांना बाप्तिस्म्याच्या वर्गातच सांगावा. नाही तर इंग्रजीतून आलेला माणूस तेथे 'कॅथॉलिक' हा शब्द पाहून गोंधळतो आणि आपण दुसऱ्या पंथावरील विश्वास पत्करतो की काय असे विचारतो.

राहता राहिल्या नोंदवह्या. बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदीत 'चर्च' असा एकच रकाना असतो, आणि त्यात कोणी इमारतीचे नाव लिहितो, कोणी गावाचे, कोणी पंथाचे. नवी वही आखताना तेथे दोन रकाने करावेत: विधी कोठे झाला, आणि ती व्यक्ती कोणत्या मंडळीत घेतली गेली. सतवाससारख्या ठिकाणी विधी एखाद्या घरी, अंगणात किंवा नर्मदेच्या घाटावर झालेला असेल, तर पहिल्या रकान्यात ते घर, अंगण वा घाट लिहावे. दुसऱ्या रकान्यात मंडळीचे नाव लिहावे, मग तिला स्वतःची इमारत असो वा नसो.